उलटीकडून ओढलेली रेघ

बाबा, तुमच्यावर पुस्तक निघालं आहे. हसू नका, खरंच निघालं आहे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसावर चांगलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. येत्या रविवारी अमरावतीला प्रकाशन आहे, सोबत तुमच्या पाट्यांचं प्रदर्शन आहे आणि तुमची मुलगी म्हणून मला मंचावर बसायचं आहे. पुस्तक लिहिणारा तरुण आपल्या अकोल्याचाच, मुंबईला डिझाइन शिकून आलेला. आता गावभर फ्लेक्स लागलेत. वाढदिवस कोणाचाही असो, अक्षर एकच, आणि त्याखाली चाळीस जणांचे गॉगल लावलेले चेहरे. अशा गावात तो उन्हातान्हात हिंडून जुन्या पाट्या शोधत होता, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. जठारपेठेतल्या आपल्या घरी तो आला तेव्हा मी त्याला चहा दिला, पोहे दिले. तिथंच माझी चूक झाली.

त्यानं फोनवर बार्शीटाकळीच्या बियाण्यांच्या दुकानाची पाटी दाखवली. हिरव्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात तुमची सही. "काकू, ही अक्षरांवरची रेघ पाहा," तो म्हणाला. "सगळे पेंटर डावीकडून उजवीकडे ओढतात. ही उजवीकडून सुरू होते. तिथं रंग भरगच्च आहे आणि डावीकडे जाता जाता कोरडा होतो. तुमच्या बाबांच्या शेवटच्या काळातल्या सगळ्या पाट्या अशाच आहेत." मी हातातली बशी खाली ठेवली. तो आपल्याच नादात होता. त्यानं कारणही शोधून ठेवलं होतं. तुम्ही उर्दू पाट्या रंगवायचे, उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून म्हातारपणी तुम्ही मराठीची रेघही तिकडून ओढायला लागले. दोन भाषा एका हातात कशा नांदल्या, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. मी ते वाचलं. वाचताना मलासुद्धा भरून आलं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नाही.

उर्दू पाट्या तुम्ही शेजारच्या मौलवीचाचांनी कागदावर लिहून दिलेलं पाहून रंगवायचे, आणि ती अक्षरंही डावीकडूनच ओढायचे. त्यावर चाचा किती हसायचे! "पेंटरसाहब, उलटी गंगा बहा रहे हो." हे त्या पोराला कोण सांगणार?

खरं काय ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. आईला माहीत होतं, तीही गेली. लहानपणी मी डाव्या हातात ब्रश धरला की तुम्ही लाकडी पट्टी हाणायचे. "डाव्या हातानं पाटी काढतात का व? दुकानात लक्ष्मी येते, तिले डावा हात दाखवतं का?" पुढं तुमचाच उजवा हात कापायला लागला. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटी टेकवून तीनदा रेघ ओढली, तीनदा रॉकेलच्या फडक्यानं पुसली. मी भाकरी थापत होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तुह्या डाव्यानं जमते ना? मंग काढ. पन दार लावून घे आधी." मी पिठाचे हात धुतले, दार लावलं आणि डाव्या हाताला सोपी जाते तशी, उजवीकडून रेघ ओढली. तुम्ही बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाकर करपली." बस, एवढंच.

त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत प्रत्येक पाटी मीच रंगवली, बाबा. दुपारी, दार लावून. वरणाला टर्पेंटाइनचा वास यायचा म्हणून आई कुरकुरायची. रंगवून झालं की तुम्ही कापत्या हातानं कोपऱ्यात सही करायचे. लोक म्हणायचे, सही बिघडली पण अक्षर काय सुधारलं! मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. एकदा मी विचारलं होतं, "सही मी काहून नाही करायची?" तुम्ही म्हणालात, "पोरीच्या डाव्या हातची पाटी कोन लावन व दुकानावर?" दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला एक नवा ब्रश दिला. त्याचे केस तुम्ही ब्लेडनं तिरपे कापले होते, तुमच्या ब्रशच्या उलट बाजूनं, माझ्या हाताला बसतील असे. तोंडानं कधी एक शब्द बोलला नाहीत, पण तो ब्रश कापायला तुम्हाला अख्खी सकाळ लागली असणार. तेवढ्यासाठी मी तुम्हाला पुष्कळ माफ केलं आहे. सगळं नाही.

आता झालं आहे असं की धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोलले तर तुमची उरलीसुरली सही जाते, त्या पोराचं प्रकरण जातं, आणि लोक म्हणतील, बाप मेल्यावर पोरगी हक्क सांगायला आली. गप्प बसले तर माझ्या हातचं गावात जे काही उरलं आहे ते सगळं तुमचंच ठरतं. "तुम्ही पण रंगवायच्या का?" असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही रे, मी फक्त ब्रश धुवायची." इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. दार लावायची सवय कशी लागते पाहा.

काल त्याचा फोन आला. मंचावर एक रंगवलेला पत्रा ठेवणार आहेत. "काकू, तुमच्या बाबांची ती रेघ एकदा काढून दाखवा. लोकांना फार आवडेल." मी हो म्हटलं. डाव्या हातानं ओढली तर आंधळ्यालाही कळेल. उजव्यानं ओढली तर वाकडी येईल आणि सगळे हळहळतील की बापाची कला पोरीत उतरली नाही.

हे पत्र तुमच्या ब्रशच्या डब्यात ठेवते आहे. दुसरीकडे कुठं धाडणार? एक तेवढं सांगते. फोन आल्यापासून मी जुन्या पत्र्यावर उजव्या हातानं सराव करते आहे. येत नाही, बाबा. तीनदा ओढली, तीनदा पुसली. घरात आता माझ्याशिवाय कोणी नसतं, तरी आधी दार लावून घेतलं.