ठकीचे अकरा दिवस

खाली सही करणारा मी, वय वर्षे एकाहत्तर, एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात तीस वर्षे माकडे सांभाळून निवृत्त झालो. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी बरेच लपवले होते.

१. राहते घर, गच्चीसह, आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला. जावईबापूंनी गच्चीवर पत्रे टाकू नयेत.

२. धाकट्या मेहुण्याला काहीही देऊ नये. भर मांडवात त्याने मला "ए माकडवाल्या" अशी हाक मारली होती. वीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. पण खोटे काय बोलला तो? असो. मनगटी घड्याळ त्याला द्यावे.

३. कपाटातली निळी वही संस्थेला द्यावी. तिच्यात खऱ्या तारखा आहेत.

आमच्याकडे ज्या आजाराचा अभ्यास चाले, त्यात मेंदूतले एक प्रथिन बिघडते आणि मेंदूची चाळण होते. औषध नाही. माझी थोरली बहीण त्यानेच चार महिन्यांत गेली. शेवटी मला ओळखेनाशी झाली. म्हणून हे काम मी मान ताठ ठेवून केले. दगावलेल्या रुग्णाच्या मेंदूचा अर्क माकडांना टोचायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची.

चौदा नंबरच्या माकडिणीला मी ठकी म्हणत असे. माझ्याशिवाय कोणाकडे जायची नाही. टोचायच्या दिवशीही मीच हाक मारली, आणि ती आली.

सहा वर्षांनी तिचा तोल जाऊ लागला. नियम असा, की स्वतः खाणे थांबले की त्याच दिवशी तिला कायमचे झोपवायचे. तिचे थांबले. मी केळे कुस्करून भरवले आणि नोंदवहीत लिहिले, "स्वतः खाते." असे अकरा दिवस. ती सतत थरथरत होती, जरा आवाज झाला की दचकून गजांवर आदळत होती. मला ती सोडवत नव्हती, म्हणून मी तिला सुटू दिले नाही. वर त्याला माया म्हणत राहिलो. लाज वाटते.

४. गेल्या महिन्यात आमच्या विभागप्रमुख बाईंना घरी बोलावून हे सांगितले.

"बाई, त्या अकरा नोंदी खोट्या आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "माहीत आहे. वजन रोज घटत होतं अन् तुम्ही लिहीत होतात, स्वतः खाते. मी काय आंधळी होते?"

"मग थांबवलं का नाही?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्या अवस्थेतलं माकड इतके दिवस कोणी पाहिलंच नव्हतं. मला बघायचं होतं. तुमच्या आडून बघून घेतलं."

हे त्यांच्या संमतीने लिहिले आहे.

५. माझा मेंदू संस्थेला द्यावा. तुलनेसाठी निरोगीही लागतात. पोरी, अडवू नकोस. मला तेव्हा काही कळणार नाही. ठकीला सगळे कळत होते.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख
सही: (प्राणिपालक, निवृत्त)

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सही.
साक्षीदार दुसऱ्या: विभागप्रमुख, निवृत्त. सही. कलम चार वाचले. त्या अकरा दिवसांत, पहिल्याच दिवशी मी बोलले असते, तर बरे झाले असते. सगळे खरे आहे.