निघणाऱ्यानं खाऊ घालायचं

सौ. आत्तीस,

नववीत तीनदा बसलेल्या तुझ्या भाच्याचा, सिद्रामचा, पाय धरून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? मामांचा खोकला बसला का? मी खुशाल आहे, फक्त काल चारचौघांत असा लाजलो की कानशिलं अजून गरम आहेत. (इथं थंडी आहे, तेवढाच उपयोग.)

तुला ठाऊक आहे, मी आजवर नऊ ठिकाणची कामं सोडली, पण निरोप एकाही ठिकाणी घेतला नाही. चहाला म्हणून बाहेर पडायचं आणि परत फिरकायचं नाही, ही आपली पद्धत. पण इटलीतल्या फेर्मो गावच्या या बुटांच्या कारखान्यात शिकायला आलो आणि दीड वर्ष टिकलो. (संध्याकाळच्या इटालियनच्या वर्गात पासही झालो. हे वाक्य मामांना दोनदा वाचून दाखव.) नाझारेनो उस्तादानं हाताला हात लावून चामडं कापायला शिकवलं. शिलाईवरच्या इओलेबाईनं मला ताप आला तेव्हा पाच दिवस घरून सूप आणलं, वर शिव्याही दिल्या. म्हणून ठरवलं, इथून तरी माणसासारखं निघायचं.

शुक्रवारी शेवटचा दिवस. दुपारी बघतो तर इओलेबाईनं कापायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, ताटल्या मांडलेल्या. उस्तादानं घरच्या वाइनच्या दोन बाटल्या ठेवल्या. मनात म्हटलं, सिद्राम, तुझा सत्कार आहे! (शाल नसली तरी चालेल.) भूक राहावी म्हणून दुपारी जेवलोसुद्धा नाही. चार वाजता सगळे जमले. मी पाठ केलेलं भाषण म्हटलं, टाळ्या पडल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी दाराकडे.

शेवटी इओलेबाई म्हणाली, "सिदो, सायकलवर राहिलंय का?"

"काय?"

"खायचं, रे!"

"तुम्ही नाही आणलं?"

"आम्ही? निघालायस तू का आम्ही?"

उस्ताद म्हणाला, "मी चाळीस वर्षं इथंच आहे. मी कशाला खाऊ घालू?"

आत्ती, इथं निघणाऱ्यानं खाऊ घालायचं असतं! दीड वर्षात जो जो गेला, त्यानं आणलेलं मी हादडलं, आणि समजत होतो की माणसं फार दिलदार. गावातलं मिठाईचं दुकान नेमकं बंद. खोलीवर पळालो. तू धाडलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी होती, तीच आणली.

"हे खायचं, का याला टाच ठोकायची?" इओलेबाई म्हणाली. उस्तादानं भाकरी बोटांनी हळूच वाकवली, कानाशी नेऊन कडकन मोडली. "माल चांगला आहे. कमावला कुणी?"

"माझ्या आत्तीनं," म्हटलं. (छाती अशी फुगली की शर्टाचं बटण गेलं. इओलेबाईनंच लावून दिलं.)

चटणी फिरली आणि इओलेबाईच्या डोळ्यांतून धार लागली. उस्ताद म्हणाला, "पोरगं जातंय म्हणून रडतेस होय?" ती म्हणाली, "गप बस, म्हाताऱ्या, तिखट आहे!" पण आत्ती, तिनं चटणी घेतलीच नव्हती, माझ्या समोर तिची ताटली होती.

"चल तर मग" म्हटल्यावर दारात तास गेला. कोपऱ्यावर वळून पाहिलं तर सगळी अजून तिथंच उभी. निरोप घेतला की माणसं अशी थांबतात, हे मला नव्यानंच कळलं.

तुझा,
सिद्राम

ता. क. उस्तादानं पुढच्या वर्षी पगारावर ये म्हणून सांगितलंय. म्हणजे एवढं रडवून मी जातोय ते सहा महिन्यांसाठीच.

आणखी ता. क. खरं लिहायचं होतं ते हे. तुझ्या घरून मी पहाटे न सांगता पळालो, तेव्हा तू दोन दिवस माझं ताट झाकून ठेवलं होतंस असं ताईकडून कळलं. मी बारा तारखेला येतोय, राहिलेला निरोप घ्यायला. इथल्या रीतीनं स्वयंपाक मी करणार, तू पाटावर बसायचं. भात करपला तर खुशाल बोल, पण जेवून झाल्यावर.