आठ संध्याकाळी, छत्तीस शब्द

प्रिय सोन्या,

तीन महिन्यांनी तू बाप होशील, तरी पत्राच्या वरती मी सोन्याच लिहिणार. फोन असताना आईने पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे. फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच "हो आई, कळलं" म्हणतोस आणि मला जे सांगायचं असतं ते पोटातच राहतं. कागदाला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच आणि आधी एकट्याने वाच. विषय सूनबाईचाच आहे. दोन वर्षं झाली, आम्ही दोघी एकमेकींशी एक धड वाक्य बोललेलो नाही, आणि आता तुमच्या घरात बाळ येतंय. हे असंच राहिलं तर मी त्या बाळाची फोटोतली आजी होईन. ते मला नको आहे.

आधी बातमी सांगते. मी फ्रेंच शिकते आहे, सूनबाईची भाषा. हस, हसून घे. तुझे बाबा पोटभर हसले. म्हणाले, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, हे नवीनच. एका भाषेत गप्प बसता येत नाही, आता दुसऱ्या भाषेतही बोलणार?" मी म्हटलं, दुसऱ्या भाषेत दोन वर्षं गप्पच बसले ना, त्याचंच तर हे झालं. मग ते हसायचे थांबले आणि चष्मा पुसत बसले.

माझ्या दुकानाशेजारच्या टोपीवाल्या बाई तुला आठवत असतील. लहानपणी तू त्यांच्या दुकानातल्या लाकडी डोक्यांना घाबरायचास. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण टोपीची कड अजून स्वतःच ओढून बसवतात. आतलं अस्तर मात्र सुई दिसत नाही म्हणून माझ्याकडे देतात. फ्रेंच ही त्यांच्या माहेरची भाषा. त्या ज्यू आहेत, एवढं मला माहीत होतं. एरवी इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून असूनही मी त्यांच्या सणावाराची कधी चौकशी केली नव्हती. या हिवाळ्यात बारा टोप्यांचं अस्तर घाईने हवं होतं, म्हणून दुकान बंद करून मी काम घेऊन त्यांच्या मागच्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांच्या हनुका नावाच्या सणाची पहिली संध्याकाळ होती. खिडकीत पितळेची एक ठाणवई होती, ओळीने आठ मेणबत्त्यांची जागा आणि नववी जरा उंचावर, बाकीच्यांना पेटवायची. त्यांनी मोठा दिवा मालवला, काहीतरी पुटपुटल्या आणि त्या नववीने ओळीतली एकच मेणबत्ती लावली. मी आपली त्या उजेडाकडे सरकले आणि सुई चालू केली.

त्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली, सोन्या! पन्नास वर्षांत माझ्या हातातली सुई कोणी काढून घेतली नव्हती. म्हणाल्या, "या उजेडात काम करायचं नाही. हा उजेड फक्त बघायचा." मेणबत्त्या जळतात तो अर्धा तास त्यांच्या घरी बायका कामाला हात लावत नाहीत, वाचतसुद्धा नाहीत. का, तर फार पूर्वी त्यांचं शत्रूने विटाळलेलं मंदिर त्यांना परत मिळालं तेव्हा दिव्याला तेल एका दिवसापुरतं होतं, ते आठ दिवस पुरलं. मग तसल्या उजेडाला चाकरीला कसं लावायचं? मला पटलं, पण माझ्या हातांना कुठलं पटतंय. मी ते मांडीखाली दाबून बसले. पाच मिनिटांत मला कळलं की नुसतं बसणं हे मला येतच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी मेणबत्तीकडे बोट करून विचारलं, तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "बूझी." मी म्हटलं, आणि खिडकीला? तर म्हणाल्या, "ते उद्या. आज मेणबत्ती एक, शब्द एक."

असा आमचा वर्ग सुरू झाला. जेवढ्या मेणबत्त्या तेवढे शब्द, एक जास्त नाही. वही काढायची सोय नव्हती, कारण त्या उजेडात लिहायचं नाही आणि उजेड मोठा केला की शब्द विरतात, असा बाईंचा एक स्वतःचाच नियम. सगळं कानाने घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालवताना घोकायचं. दुसऱ्या दिवशी खिडकी, फनेत्र, आणि ज्योत, फ्लाम. तिसऱ्या दिवशी तेल आलं, उईल, आणि त्यात तळलेले गोड गोळे आले. त्यांना बेन्ये म्हणतात, आणि मी चार खाल्ले म्हणून तो शब्द चांगला पाठ आहे. चौथ्या दिवशी मुलांचा भोवरा आला, तूपी. त्याचा तुपाशी काही संबंध नाही, मी विचारलं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला काज करताना मी मोठ्याने "उईल, उईल" म्हणत होते, तेव्हा ती बाई मशीनकडे बघून म्हणाली, तेल संपलंय का? म्हणजे तिलाही फ्रेंच येत होतं! मी लाजले, पण खूशही झाले. कोणाला तरी माझं बोलणं कळलं होतं.

कळणं ही काय चीज आहे ते मला तुमच्या घरी समजलं. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं घर म्हणतं, आणि खरंच आहे ते. मला माणूस आवडलं की मी त्याला बोलूनच जवळ करते. दुसरं मला काही येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे राहिले ते दहा दिवस माझ्या तोंडाला कुलूप. तू मध्ये बसून सांगायचास, पण मी एवढं मोठं वाक्य बोलायचे आणि तू दोन शब्दांत उरकायचास. ती तेवढंच लांब काहीतरी बोलायची आणि तू म्हणायचास, "ती म्हणते, छान." मला वाटायचं, फ्रेंच फार आटोपशीर भाषा असावी. तू घराबाहेर पडलास की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. हसून हसून गाल दुखले की मी खोलीत जाऊन बसायचे. तिला वाटलं असेल, सासूबाईंना मी पसंत नाही. मला भीती वाटत होती, सोन्या. राग नव्हता. एवढ्या शिकलेल्या मुलीपुढे मी नुसती मान हलवणारी बाई होऊन बसले होते, याची मला लाज वाटायची.

म्हणून मी तिचा तो कोट हातात घेतला. तो राखाडी लोकरीचा कोट ती रोज घालायची आणि बाह्या तिच्या बोटांवर यायच्या. चांगलं कापड, चांगली शिलाई, आणि बाही अडीच बोटं लांब! भातात खडा लागावा तसं मला रोज सकाळी ते दिसायचं. मला वाटलं, हिच्यासाठी मला बोलता येत नाही, पण शिवता तर येतं. तुम्ही दोघं कामावर गेलात त्या दुपारी मी बाह्या उसवल्या, खडूने खूण केली, कापल्या, दुमडल्या, तुरपाई केली, इस्त्री करून कोट खुंटीला लावला. अस्तराला मनगटापाशी एक जुनं रफू होतं, निळ्या दोऱ्याचं, इतके बारीक टाके की मी चष्मा वर करून बघत राहिले. कोणीतरी जाणती बाई आहे, असं मनात म्हटलं. आणि कापलं.

संध्याकाळी तिने कोट अंगात घातला, हातांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. दार लावून रडत होती. मी तुला विचारलं, काय झालं रे? तू म्हणालास, "काही नाही आई, दमली आहे. तिला आवडलं." चार महिन्यांनी भाजी निवडता निवडता तुझे बाबा, तू त्यांना सांगितलेलं, बोलून गेले की तो तिच्या आईचा कोट होता. गेलेल्या आईचा. बाह्या लांबच हव्या होत्या तिला. ते रफू त्या माउलीच्या हातचं होतं. मी मेथीची जुडी हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. तू मला दुखवायचं नाही म्हणून लपवलंस, मला माहीत आहे. पण तुझ्या त्या दोन शब्दांमुळे ती दोन वर्षं समजते आहे की मी तिच्या आईचा कोट कापला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तुझ्यावर मी रागावले आहे, सोन्या. हेही एकदा सांगायचंच होतं.

सहाव्या संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, आज सणाचे शब्द नकोत. मला कोट, बाही, आई, कापणं आणि परत देणं हे हवेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा मेणबत्त्या जळत होत्या, मी सगळं सांगितलं, आणि मधे एकदा नाक पुसलं. आणखी कोणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, तुम्ही चांगल्या मनाने केलंत. बाई म्हणाल्या, "टोपी नीट बसली नाही तर गिऱ्हाईक परत येतं. जे येत नाही त्याच्याकडे आपण जायचं." मग एकेक शब्द दिला. माँतो, माँश, मेर, कूपे, राँद्र. सहावा मीच मागितला, क्षमा. त्या म्हणाल्या, "पार्दों. पण तो रस्त्यात कोणाच्या पायावर पाय पडला तरी म्हणतात. तू आधी काय केलंस ते सांग, पूर्ण सांग, आणि मग तो म्हण." मी त्यांच्यापुढे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला दुरुस्त केलं नाही.

कापलेल्या दोन्ही पट्ट्या माझ्याकडे आहेत. चांगल्या कापडाची चिंधी कोणता शिंपी टाकतो? त्या माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून तेव्हाच इथे आल्या, निळं रफूही शाबूत आहे. जोडता येतील. जोड दिसेल, ते मी तिच्यापासून लपवणार नाही, पण बाही पुन्हा बोटांवर येईल. तिला जोड नको असेल तर पट्ट्या तशाच तिच्या हातात देईन. या पत्राच्या पाकिटात घालणार होते, मग हात आवरला; आधी तिला विचारायला हवं.

सातव्या आणि आठव्या संध्याकाळी बाईंनी पुन्हा सणाचेच शब्द दिले, म्हणाल्या, "दुःखाचे शब्द पुरे, नातवंडाशी काय रडत बोलणार आहेस?" शेवटच्या दिवशी सगळ्या मेणबत्त्या लागल्या तेव्हा मी छत्तीसच्या छत्तीस म्हणून दाखवले, दोन चुकले. रस्त्याने जाणारं एक जोडपं खिडकीपाशी थांबून बघत होतं. बाईंनी त्यांना आत बोलावून बेन्ये दिले. टोप्यांची अस्तरं अर्थातच उशिरा झाली, आणि त्यावरून त्या मला वर बोलल्याही.

आता पत्राचं कारण. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बाबांच्या शेजारीच बसले होते. "बाळंतपणाला आई नाही आली तरी चालेल, आम्ही एक बाई ठेवतोय, आई असली की ती अवघडते," असं तू म्हणालास ते मला ऐकू आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि ते तुला "बरं" म्हणाले. ते बरं नाही, सोन्या. त्या मुलीला आई नाही. जी आहे तिने तिचा कोट कापला, हेही खरं, आणि म्हणून ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. पण ती नको म्हणाली की तू दोन शब्दांत उरकलंस, हे मला कळायला मार्ग नाही. तेव्हा येत्या रविवारी फोन लाव, तिच्या हातात दे आणि तू खोलीच्या बाहेर जा. मी अडखळेन, तिला थांबावं लागेल, तरी तू आत येऊ नकोस. कोटाचं मी आधी सांगेन. मग विचारेन, येऊ का. ती ये म्हणाली तर मला कळेलच. आणि "येऊ नका" हे कसं म्हणतात तेही मी बाईंना विचारून पाठ करून ठेवलं आहे.

तुझीच, आणि जमलं तर तिचीही,
आई