मागची जागा मोकळी

सातारा,
ता. ९ डिसेंबर १९४५

चि. हंबीरास,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्याइतकं मनाला लावून घेत नाहीत. सांगलीहून तुझं पत्र पोचलं. ‘आक्का, हात थकला असेल तर तसं सांग, तुझ्यापायी नाथाजीरावांपुढं माझी मान खाली जाते,’ असं लिहिलंस. जन्मभर शाळेत मुलींना ड्रॉइंग शिकवलेल्या बाईला एक चित्र पुरं करता येत नाही, असं तुला खरंच वाटलं? मग मान खालीच असू दे थोडी.

आता बातमी. अर्जुना आला. सिंगापूर पडल्यापासून बेपत्ता असलेला तुझ्या मित्राचा, नाथाजीरावांचा, मुलगा सोमवारी मोटारीतून उतरला आणि चालत घरी गेला. नुसती हाडं राहिलीत, पण आहे.

म्हणून आता सांगते. त्याचा एकही फोटो नव्हता. नाथाजीरावांना भिंतीवर लावायला चित्र हवं होतं. चित्राला हार घातला की सुनेचं कुंकू पुसायचं, हे त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. सून, बनुबाई, दाराआड उभी होती. मी काम पत्करलं ते तिच्याकडं बघून.

सगळ्यांच्या सांगण्यावरून रेषा उमटली. ती पसंत पडली, तर मी म्हटलं आकार बसत नाही, हनुवटी पुन्हा सांगा. हनुवटी झाली, तर छाया. ऊन डावीकडून घेऊ की उजवीकडून? म्हाताऱ्यानं ते ठरवण्यात अख्खा उन्हाळा घालवला. मग कातडीचा पोत. देवीचे व्रण होते का? आई म्हणाली, व्हते. बाप म्हणाला, न्हाईत. त्यावरून घरात अबोला झाला. रंगांच्या बाबतीत लढाईच मदतीला आली. विलायती रंग बाजारातून नाहीसे झाले आणि देशी मला चालेनात. खोटं बोलू नये म्हणून कॉन्व्हेंटातल्या मदरनी छड्या मारल्या होत्या. त्या वाया गेल्या.

शेवटी नाथाजीराव चिडले. “आवं बाई, आता मागं काय काढायचं ऱ्हायलंय?”

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. बनुबाईच बोलली. “मागं काय बी नगं, मामंजी. जागा मोकळी ठिवा. तितनं येत्याल ते.”

म्हातारा उठून गेला आणि त्यानं तुला तक्रार लिहिली.

मंगळवारी मी चित्र घेऊन गेले. अर्जुनानं निरखून पाहिलं आणि विचारलं, “ह्यो कोन म्हनायचा?” नाक चुकलं होतं, कान चुकले होते. त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती. नाथाजीराव म्हणाले, “एवढा येळ लावून ह्यो कोन पावना काढलासा?”

मी म्हटलं, हात थकला.

हंबीर, एक बोलायचं राहिलंय. चौदा सालच्या लढाईत बसऱ्याहून पलटणीचा कागद यायच्या आधीच तू यांच्या फोटोला चंदनाचा हार घातलास. ते आले नाहीतच. तुझंच खरं ठरलं. पण वाट पाहायचे तेवढे दिवस माझे होते. ते तू घेतलेस. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि नंतर बोलायचं ते टोचूनच बोलत आले.

बनुबाईचे दिवस मला राखता आले. आज सकाळी आपल्या बैठकीतल्या यांच्या फोटोवरचा हार मी काढून ठेवला. त्याखाली कॉलरची रेषा आहे, गळ्याशी छाया आहे, वरचं बटण उघडं आहे. त्यांना ते लावायचा कंटाळा होता, हे मी विसरूनच गेले होते.

संक्रांतीला ये. येऊन बघ. हार आणू नकोस.

तुझी, हात शाबूत असलेली,
आक्का