गुरुवारचं पान

४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मान धरली आहे हे तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या ओळी उजवीकडे उतरताहेत त्यावरून कळलं. गणवेशांचा हंगाम आहे, मान्य. तरी तासातासाने मशीनवरून उठत जा.

कादंबरीचे सहा भाग सोबत पाठवतोय. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला, सातवीत शाळा सोडलेल्याने कादंबरीच्या भानगडीत पडू नये. मी म्हटलं, घड्याळ उघडायला तरी मला कुणी शिकवलं होतं? गोष्टीचा नियम सोपा आहे. आईला तोच बुधवार पुन्हा पुन्हा मिळतो. सकाळी जाग येते, मुलगी जिवंत असते, आणि सात पन्नासला पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर ट्रक येतो. आई कधी सायकलची हवा सोडते, कधी रस्ता बदलायला लावते, कधी दाराला कुलूप घालते. मुलगी दर वेळी दुसऱ्या कशाने तरी जाते.

हे मुद्दाम असं ठेवलंय. आपली ठकी जाऊन वर्ष झालं, आणि वर्षभर तू एकच लिहितेस, पोर माझ्यामुळे गेली. हे वाच. तू काहीही केलं असतंस तरी ती वाचली नसती, हे तुला पटावं म्हणून तर लिहायला घेतलं.

तपशिलात चूक दिसली तर कळव. दिसणार नाही.

लोभ ठेव, राग आला तर तोही ठेव.

तुझा दादा


११ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

मान बरी आहे. सगळे भाग दोनदा वाचले, त्या नादात बारा सदऱ्यांना कॉलर उलटी लागली.

चुका दिसल्या. ठकीच्या सायकलची घंटा डाव्या हाताला होती. दुधात साखर नको म्हणायची हे बरोबर, पण माझी पाठ वळली की दोन चमचे घालायची. आणि सात पन्नास कसे? पोलिसांच्या कागदावर तसं आहे खरं. पण मी तिला दारातून सोडलं तेव्हाच आपल्या भिंतीवर सात चोपन्न झाले होते. पुढे कोपऱ्यापर्यंत सहा मिनिटं, म्हणजे आठ. पोलिसांचं घड्याळ मागे असेल. आपलं तू लावलेलं, ते चुकायचं नाही.

आता खरं विचारते. तुझ्या गोष्टीतली आई सगळं बदलून बघते, पण निघालेल्या मुलीला बटण लावायला परत बोलावते, ते मात्र एकदाही टाळत नाही. मीही बोलावलं होतं. चार मिनिटं गेली त्यात. तुझ्यासारख्या काटेकोर माणसाच्या हातून हे सुटलं कसं?

लोभ आहेच, तो खरं सांगण्याइतका असू दे.

तुझी धाकटी


१९ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

सुटलं नाही, टाळलं. त्या रस्त्यावरून मी सायकलने अकरा वेळा गेलोय, वेळ मोजत. बटण लावायला थांबली नसती तर ती सात शेहेचाळीसला कोपरा ओलांडून गेली असती. तसं लिहिलं तर गोष्ट तिथेच संपते, आणि तुझ्यावर येऊन संपते. म्हणून दर वेळी तिला खोटं मरण दिलं.

पण हेही अर्धंच आहे. पोलिसांचं घड्याळ बरोबर होतं. आपलं दहा मिनिटं पुढे होतं; तू तिला सोडलंस तेव्हा खरे सात चव्वेचाळीसच झाले होते. आदल्या महिन्यात तेल द्यायला मी ते उतरवलं, तेव्हा तुला न सांगता काटे पुढे करून टांगलं. तुला कायम उशीर होतो, पोरीला परीक्षेला धापा टाकत जावं लागतं, म्हणून. मनात खूश होतो स्वतःवर. घड्याळ बरोबर असतं तर ती आठला कोपऱ्यावर पोचली असती आणि रस्ता मोकळा असता.

गावाची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवणाऱ्या माणसाने बहिणीच्या घरात खोटी वेळ टांगली. वर्षभर तू स्वतःला दोष देत राहिलीस, आणि मी तुला शहाणपण शिकवत राहिलो.

आज लोभ मागत नाही.

दादा


१२ जुलै

ती. दादास सा. न.

उशीर झाला. आधी चार पत्रं लिहून फाडली. त्यांत तुला काय काय म्हटलं ते तुला कधी कळू नये.

घड्याळ उतरवून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. मग वाटलं, तू तिला दहा मिनिटं आधी धाडलंस, मी चार मिनिटं थांबवलं. दोघांनी मिळून तिला नेमकं तिथे नेऊन उभं केलं. तेही लाडाने. तिच्यावर जीव टाकणारी माणसं दोनच होती, दादा.

माफ केलं असं लिहवत नाही. पण जेवत जा. चष्मेवाल्याला निरोप धाडलाय, दुपारी तो तुला दुकानातून उठवून नेईल. त्याच्याशी वाद घालू नकोस.

सातवा भाग लिही. त्यात आई बटण लावत नाही. पोर तशीच जाते, कोपरा ओलांडते, पेपर देते आणि दीडला घरी येऊन भांडते. रागावली की ती मला आई म्हणायची नाही, शिंपीणबाई म्हणायची. अहो शिंपीणबाई, साऱ्या शाळेची बटणं लावता आणि घरच्या पोरीला वर्गात हसं करून घ्यायला पाठवता, असं काहीतरी म्हणू दे. पानभर भांडू दे. मध्ये अडवू नकोस तिला.

तुझी धाकटी


२ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद.

सातवा भाग सोबत आहे. पानभर म्हणाली होतीस, चार पानं झाली. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

नियमाप्रमाणे मुलगी वाचली की बुधवार सुटतो आणि गुरुवार उजाडतो. तो लिहायला बसलो, जमलं नाही. बुधवारपर्यंतची ठकी मला पाठ आहे. त्यापुढची कशी बोलते, कशी चालते, हे मी कुठे जाऊन तपासू? कोरी पानं जोडली आहेत. गुरुवार तू लिही. या वेळी चुका काढणार नाही.

झेपेल तेवढाच लोभ ठेव.

दादा


२० ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

भांडण वाचलं. अगदी तीच. रोज वाचते.

गुरुवार सुरू केला. त्या दिवशी तिला पेपर नव्हता. बुधवारी निघताना बजावून गेली होती, उद्या मला उठवायचं नाही, कितीही वाजू देत. म्हणून मी तिच्या खोलीचा पडदा ओढून घेतला, मशीन लावलं नाही, बाहेरच्या खोलीत हाताने टाके घालत बसले, एवढं लिहिलं. अकरा वाजले. बारा वाजले. शेजारीण हाका मारत आली, तिला खुणेने गप्प केलं.

पुढची पानं कोरी आहेत. अजून उठवलेलं नाही तिला.

तू ये एकदा. आलास की कडी हळू वाजव.

तुझी धाकटी