मल्लेश्वरमला जाणारी मावशी

अप्पा, परवाच्या रविवारी इंदिरानगरात एका हॉटेलात मी दोसा खात बसले होते आणि समोरच्या टेबलावर एक माणूस साडी नेसून बसला होता. चाळिशीचा, हनुवटीवर दाढीची निळसर सावली, खांदे दाराएवढे, अंगावर मोरपंखी इरकल. शेजारी बायको. दोघं मराठीत बोलत होती, पुण्याकडची असावीत, कारण दर तिसरा शब्द इंग्रजी होता. "बघतायत गं सगळे," तो म्हणाला. "बघू देत. तुला चटणी हवीय का अजून?" बायको म्हणाली आणि खाली मान घालून खात राहिली. बघत तर होतेच. वेटर भरलेल्या ग्लासात दोनदा पाणी ओतून गेला. एका आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग दोन मुली उठून त्याच्याकडे गेल्या, आणि मी हातातला घास ताटात ठेवला, आता काहीतरी होणार म्हणून. तर एकीनं विचारलं, ब्लाउज कुठे शिवला, आणि दुसरीनं विचारलं, फोटो काढला तर चालेल का. तो लाजला. त्यानं पदर सारखा केला. मला कौतुक वाटावं, गेला बाजार काळजी तरी वाटावी, पण तसलं काही झालं नाही. मला मत्सर वाटला. बावन्न वर्षांच्या बाईला. मीही नवी कोरी साडी नेसले होते, आणि माझा ग्लास रिकामाच होता.

या मत्सराची सवय मला तुम्हीच लावलीत. बसवनगुडीच्या घरातली दुसऱ्या शनिवारची दुपार मला अजून वासासकट आठवते. गल्ली जेवून झोपलेली असते. आई स्वयंपाकघरात भांडी पालथी घालून हात पुसते आणि आतल्या खोलीत येऊन तुमच्या निऱ्या घालून देते, तोंडात पिना धरून, जणू तुमच्या सदऱ्याचं बटण लावतेय. तुम्ही तिला दर वेळी म्हणता, "तू पण चल ना." ती पिना काढून म्हणते, "मला नवरा एक आहे तेवढा पुरे. मैत्रीण आणि कुठे सांभाळू? हिला न्या." म्हणून मी. एकट्या बाईकडे लोक बघतात, बरोबर मुलगी असली की कमी बघतात, असं तुमचं गणित होतं. घराजवळच्या गांधी बझारात जायची सोय नव्हती, तिथला प्रत्येक फुलवाला तुम्हाला ओळखून अण्णा म्हणायचा. मग बस पकडून मल्लेश्वरम. तुम्ही बायकांच्या, पुढच्या दारानं चढायचात, आणि दार ओलांडलं की तुम्ही माझी मावशी. घरी मी तुम्हाला अहो-जाहो करायची; मावशीला मात्र अगं-तुगं. "मावशी, सरक ना जरा." ते मला फार आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझं काम पहाऱ्याचं. तुम्ही समोर बघून चालायचं आणि मी लोकांचे डोळे मोजायचे. पहिली नजर साडीसाठी, ती धरायची नाही. दुसरी चेहऱ्यासाठी, तेव्हा सावध व्हायचं. तिसरी हातांकडे गेली, की "मावशी, माझं डोकं दुखतंय" म्हणायचं आणि मिळेल त्या रिक्षानं घरी. बायका तुमच्या साडीकडे बघायच्या, पुरुष तुमच्या चालीकडे. माझ्याकडे बघायला कुणालाच सवड नसे. सोळा वर्षांची मुलगी मी, अंगानं आजोबांवर गेलेली, कपाळभर पुटकुळ्या, आणि शेजारून माझा बाप चालतोय आणि लोक वळून बघतायत बापाकडे. पुढे मी वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून पोट भरायला लागले तेव्हा सगळे विचारायचे, इतकं बारीक बघायला कुठे शिकलीस. मी काहीतरी थातुरमातुर सांगायची.

संक्रांत होऊन गेली होती त्या शनिवारची गोष्ट. देवळाच्या ओवरीत आपण बसलो होतो. मराठी आपली गुप्त भाषा, मल्लेश्वरमातल्या कानडी लोकांत कुणाला कळतेय, असं आपण धरून चाललो होतो. मी तुम्हाला म्हणाले, "मावशी, पाय जवळ घे, पुरुषासारखी बसू नकोस," आणि खांबापलीकडून एक म्हातारी उठून आली. नाकात हिऱ्याची चमकी, हातात कुंकवाचा करंडा. माझं वाक्य ऐकून ती हसत होती. "माझी सासूपण हेच म्हणायची मला," ती म्हणाली. "किती दिवसांनी आपली भाषा कानावर पडली. कुठले तुम्ही?" तुम्ही पदर तोंडाशी धरून खोकलात. मीच सांगितलं, मावशीचा घसा बसलाय. तिनं तुमची हनुवटी धरून वर केली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि अर्धं मिनिट नुसती बघत राहिली. मी तिच्या नजरा मोजत होते. साडी, चेहरा, हात. हातांवर ती थांबली, आणि त्या मोठ्या तळव्यांत तिनं एळ्ळू-बेल्ल, इकडचा तीळगूळ, ठेवलं, दोन्ही हातांनी दाबून. "काय रूप दिलंय देवानं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ही भाची? तुमचं काहीच नाही हो घेतलं हिनं. असू दे, शिकली-सवरली की स्वल्प सुधारेल." तिनं घराचा पत्ता सांगितला, मागच्याच रस्त्यावर, फाटकापाशी जास्वंद. शुक्रवारी हळदीकुंकू आहे, दोघींनी यायचंच.

अप्पा, तुम्ही त्या वेळी जे हसलात तसं मी तुम्हाला कधी हसताना पाहिलं नव्हतं, माझ्या पहिल्या नंबरालासुद्धा. तिला कळलं असेल, नसेल, मला आजही सांगता येणार नाही. तिनं तुम्हाला पाहिलं होतं आणि पाहून कुंकू लावलं होतं. आणि मी म्हणाले, "मावशी, माझं डोकं दुखतंय."

रिक्षात तुम्ही विचारलंत, "कोण होतं?" कुणी नव्हतं. पण पहाऱ्यावरच्या माणसाला नाव द्यावं लागतं, म्हणून मी म्हणाले, "तुमच्या कचेरीतले ते जाड भिंगाचे. फुलांच्या दुकानापाशी उभे होते. बघत होते." मला वाटलं होतं, महिना-दोन महिने घरी बसाल, मावशीचा तोरा उतरेल, मग परत जाऊ. तुम्ही घरी येऊन खोबरेल तेलानं कुंकू पुसलंत, साडी घडी करून आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "झालं हे आता." पुन्हा कधीच नेसला नाहीत. ब्लाउज आईला होईनात, तिनं उसवून त्यांच्या डब्याच्या पिशव्या शिवल्या. कॉलेजात मी तुमच्याच जांभळ्या ब्लाउजातून पोळी-भाजी न्यायची.

आणि ते जाड भिंगाचे. निवृत्तीपर्यंत तुम्ही त्यांची अर्धी कामं अंगावर घेतलीत. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला गेलात. गणपतीला आरतीचा पहिला मान त्यांना. ते समोर आले की तुमचे हात आपोआप पाठीमागे जायचे. आई एकदा म्हणाली, "एवढं काय त्यांचं कौतुक?" तुम्ही म्हणालात, "पाहिलं, पण बोलला नाही. असा माणूस मिळत नाही." तुमच्या तेराव्याला ते आले होते. कानडीत मला म्हणाले, "तुमच्या अप्पांनी मला इतका जीव का लावला, ते कधीच कळलं नाही बघा." मी त्यांना लाडू वाढला.

परवा हॉटेलात त्या बायकोकडे बघत असताना हे सगळं वर आलं. ती कुणाच्या नजरा मोजत नव्हती. तिचा नवरा लोकांच्या डोळ्यांत मावेल तेवढा मावत होता आणि ती सांबार संपवत होती. तुम्हाला अशी सोबत मिळायला हवी होती, असं म्हणणं शोभून दिसेल. पण खरं सांगायचं तर त्या मुली फोटो काढायला उठल्या तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की तुम्ही त्या जागी असतात तर साऱ्या इंदिरानगरानं मान वळवली असती आणि मी पुन्हा शेजारी बसून ताटाकडे बघत राहिले असते. संपादकांना सोमवारपर्यंत मजकूर हवाय. हा द्यायचा नाही. कागद तुमच्या जुन्या फायलीत घालून ठेवते.

एक राहिलं. त्या शुक्रवारी मी गेले होते. घरी सांगितलं मैत्रिणीकडे जाते, आणि एकटी बस पकडून जास्वंदीचं फाटक उघडलं. नवं परकर-पोलकं घातलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. तुम्ही बरोबर नसलात तर मी कशी दिसते, ते मला बघायचं होतं. म्हातारीनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं. "मावशी नाही आल्या?" मी म्हणाले, बरं नाही तिला. तिचा चेहरा पडला. मला हळदीकुंकू दिलं, तीळगूळ दिला आणि निघताना तुमच्यासाठी ओटी बांधून दिली, नारळ आणि हिरव्या काठाचा खण. "त्यांना म्हणावं, आठवण काढली."

नारळ मी देवळात ठेवला. खणाचा ब्लाउज मीच शिवून घेतला. तो पहिल्यांदा घातला त्या सकाळी तुम्ही पेपर खाली ठेवलात, मला जवळ बोलावलंत आणि बाहीचा काठ दोन बोटांत धरून पाहिलात. "सुरेख आहे गं. कुठून आणलास?" मी म्हणाले, मैत्रिणीनं दिला. तेव्हा खरं सांगता आलं असतं, अजून तुमचे कितीतरी शनिवार शिल्लक होते. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मला ते मोडवेना.