शेगडी गच्च आहे

अण्णा,

बोट विकायची की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत मला सांगायचं आहे. घेणारी दोघं इथल्याच एचएसआर लेआउट भागातली, नवरा-बायको, दोघंही कॉम्प्युटरवाली, वयानं आमच्या निम्मी. कोचीला जाऊन बोट बघून आली, मग इथं घरी येऊन माझ्या हातचं चित्रान्न खाऊन गेली. निघताना त्या पोरीनं माझा हात धरला, म्हणाली, "आंटी, शनिवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरी बघू." आज शनिवार. तुमचा जावई बाल्कनीत बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे तोंड करून बसलाय आणि फोनवर कोचीचा वारा बघतोय. "आज नैऋत्येचा आहे गं!" म्हणून आत ओरडून सांगतो, जसं काही मला शीड चढवायचंय. मला कुकर लावायचाय.

त्याचं हृदय आता पूर्वीचं राहिलेलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही, म्हणजे समुद्र बंद. हा मान डोलावून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "या सीझनला नको, पुढच्या सीझनला जाऊ." मी म्हटलं, जाऊ. तेव्हापासून मी जाऊ जाऊच म्हणतेय. पलंगाखाली त्याची बॅग भरलेली आहे. बोट जोवर कोचीच्या यार्डात उभी आहे तोवर तो एक दिवस निघणार, आणि निघाला तर परत यायचा नाही, हे मला कुकरच्या शिट्टीइतकं स्वच्छ कळतंय. विकायचं मी म्हणाले तरच विकायचं, असं त्यानंच ठरवून टाकलंय. शहाणा. आणि मला काही वाटत नाहीये, अण्णा. विकायचं वाईट वाटत नाही, ठेवायचा आनंद वाटत नाही. मांडी घालून बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं सगळं झालंय. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही काही उत्तर देणार नाही, ते एक बरं आहे.

बोट घेतोय हे सांगायला मी आले होते तो दिवस आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळत होता. आई गेल्यापासून त्या घरातली एकही वस्तू ढिली राहिली नव्हती. मी सांगितलं, आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडल्या, आता बोटीवर राहणार, शिडाच्या बोटीवर, तेच घर. तुम्ही मान वर केली नाहीत. "संसार काय पाण्यावर मांडतात गं?" म्हणालात. मी म्हटलं, हौसेला मोल नसतं अण्णा. "हौस वेगळी आणि येडेपणा वेगळा. घर म्हटलं की हलता कामा नये. स्वल्प विचार कर." मग स्क्रू नीट बसला का ते दांडा हलवून बघितलंत, मला चहा दिलात, आणि पुन्हा त्या विषयावर तोंडातून अक्षर काढलं नाहीत. रागावून दोन शब्द जास्त बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं.

तुमचं ते वाक्य कुठून आलं होतं ते मला ठाऊक होतं. आयुधपूजेच्या दिवशी तुमच्या कारखान्यात घरच्यांना आत सोडायचे. तुम्ही मला टूलरूममध्ये न्यायचात. तुमच्या लेथ मशीनला कुंकू लावलेलं, झेंडूची माळ, दारात कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्याच्या लाल फाका. सगळे चुरमुरे-बुंदी खात हिंडायचे आणि तुम्ही माझा हात मशीनवर ठेवून विचारायचात, "हलतंय काय?" मी म्हणायची, नाही. "सरी, बरोबर. हललं की काम गेलं." सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुलीला हेच शिकवायचं सुचणारा बाप एखाद्यालाच मिळतो. पुढं मी कुठल्याही खुर्चीत बसायच्या आधी ती हलवून बघायला लागले. अजून बघते. हॉटेलात लोक हसतात.

आणि मग तुम्ही कोचीला आलात. न सांगता. रात्रभर गाडीत बसून, खांद्याला ती खाकी हत्यारांची पिशवी. जेटीवरून बोटीत पाय टाकताना जावयाचा हात धरायला तयार नाही. आत आलात, डोकं आपटलंत, बिछान्याची लाकडं ठोकून बघितलीत, हातपंपाचा संडास बघून "अय्यो देवा" म्हणालात. मग शेगडी बघितलीत. आमची शेगडी दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर पाळण्यासारखी टांगलेली होती. बोट कलली की ती उलट झुलते, म्हणजे वरचं पातेलं सरळच्या सरळ राहतं. तुम्ही तिला बोटानं ढकलता, ती झुलते. तुम्ही माझ्याकडे बघता. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदा बघत होते. "हिच्यावर तू स्वयंपाक करतेस?" मी म्हणते, हो अण्णा, ती मुद्दाम तशी, पण तेवढ्यात पलीकडच्या बोटीवरून कुणीतरी हाक मारतं आणि माझं बोलणं तिथंच राहतं. आम्ही दोघं भाजी आणायला बाजारात जातो. परत येतो तेव्हा तुम्ही केबिनमध्ये घामाघूम होऊन बसलेले आहात आणि शेगडी भिंतीला पोलादी पट्टीनं जखडलेली आहे. "हलवून बघ," म्हणता. मी हलवते. हलत नाही. नट आवळून झाल्यावर बोल्टांची टोकं हातोडीनं ठोकून चपटी केलेली, म्हणजे नट जन्मात सुटायचे नाहीत. तुम्ही म्हणता, "आता मी निवांत झोपेन."

जावयानं माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली, गप्प बस म्हणून. त्या शेगडीवर तुम्ही आम्हाला सारू करून घातलंत, पापड भाजलेत, आणि दुसऱ्या दिवशी जेटीवर उभं राहून हात केलात. आम्ही नजरेआड होईतो तुम्ही तिथंच होता. नजरेआड झालो की पट्टी काढायची, असं आमचं ठरलेलं. पण टूलरूमच्या माणसानं बसवलेला नट तो, पान्याला कुठला दाद देतो! तुमचा जावई खाली बसून झगडत होता, आणि मी मूर्ख, वर चहाचं आधण ठेवलेलं. दोघांनाही अक्कल नाही. लांबून एक मोठं जहाज गेलं, त्याची लाट आली, बोट कलली, शेगडी बोटीबरोबर कलली, आणि ते सगळं आधण त्याच्या पायावर. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. किंचाळला नाही तो. "अण्णांना सांगू नको," हे पहिलं वाक्य. दुसरं, "पाणी आण."

पुढच्या बंदरात आम्ही कितीतरी आठवडे अडकून पडलो. तुम्हाला फोनवर सांगितलं, हवा खराब आहे. पट्टी शेवटी करवतीनं कापून काढली, पाती मोडत मोडत. आणि तुमचा दर फोनला एकच प्रश्न, तब्येतीच्या आधी: "शेगडी कशी आहे?" मी म्हणायची, गच्च आहे अण्णा. मागून तो ओरडायचा, "एकदम फर्स्ट क्लास, अण्णा!" तुम्ही हसायचात. तुम्ही फोनवर हसलेले मला त्याआधी आठवत नाही.

बाकी त्या घरात काय होतं म्हणून सांगू. कपड्यांना बुरशी, रव्याला किडे, इंजिनाचा भरवसा नाही. भांडण झालं तर रुसून जायला दुसरी खोली नाही. एकदा मी रुसून डोलकाठीजवळ जाऊन बसले, तर पाऊस आला आणि मुकाट्यानं आत यावं लागलं. कपभर गोड्या पाण्यात अंघोळ करायला शिकले. नांगर सरकतोय का म्हणून कान झोपेतही जागा. आणि तरी सकाळी वर यावं, पाणी तेलासारखं शांत, शेजारच्या बोटीवरची म्हातारी वाडग्यातून आलं पाठवतेय, कोणी कुठल्या देशाचं विचारत नाही. तेव्हा मला खूप वाटायचं. रडू यायचं, हसू यायचं, संताप यायचा. सगळं यायचं. आता ते मी दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगतेय.

तुमच्या शेवटच्या आजारपणात आम्ही बोट टाकून आलो. एप्रिलचा उकाडा, आणि हा हॉस्पिटलात फुलपँट आणि मोजे घालून बसायचा. नर्स म्हणाली, अंकल, एवढं काय. हा म्हणाला, मला थंडी वाजते. तुम्ही डोळे उघडलेत आणि बोलायला किती त्रास होत होता, तरी तेच विचारलंत, "शेगडी?" मी म्हटलं, गच्च आहे अण्णा. तुम्ही हात उचलून चादरीवरच दोन बोटं हलवून बघितलीत, आणि "सरी" म्हणालात. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. मी रडले नाही. लोकांना वाटलं, मुलगी घट्ट आहे. घट्ट कसली, मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. रडू पुढं कधीतरी भर समुद्रात, पापड भाजताना आलं, आणि शेगडी माझ्यासमोर आपली झुलत होती.

तर आज. हे लिहिता लिहिता उठून कुकर लावला, उतरवला, पानं घेतली, त्याला हाक मारली. तो म्हणाला, "वारा असाच राहिला तर पुढच्या सीझनला सरळ लक्षद्वीप." माझ्या तोंडातून नेहमीसारखं "हो, जाऊ की" निघालं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. तो 'गच्च आहे अण्णा'चा आवाज होता, अण्णा. तोच सूर, तीच घाई. मरणाऱ्या माणसाशी बोलायचा तो आवाज मी रोज ह्याच्याशी काढत होते. तो समोर भात कालवत बसलेला, जिवंत, मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं करणारा. 

मी म्हटलं, "आपण परत जाणार नाही."

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे."

"मग रोज पुढचा सीझन पुढचा सीझन काय लावलं होतंस?"

"तू जाऊ म्हणायचीस. ऐकायला बरं वाटायचं." मीठ पुढं ओढत म्हणाला, "अण्णांनाही वाटत असेल."

"म्हणजे?"

"अगं, जन्म टूलरूममध्ये काढलेला माणूस. समुद्रावर बांधलेल्या शेगडीचं काय होतं ते त्यांना कधीच सुचलं नसेल? जेटीवर दुसऱ्या बोटीही होत्या की. आपण बाजारात गेलो तेव्हा नाही, तर नंतर कुणालातरी विचारलंच असेल. मग काय करतील? दर फोनला विचारतील, आणि तू गच्च म्हणालीस की तेवढंच बरं वाटून घेतील."

 तो उठला, हात धुतले, त्या पोरीला स्वतःच फोन लावला, आणि माझ्याकडे बघत बघत "येस, इट्स युअर्स" म्हणाला. मग तिला शेगडीबद्दल सांगायला लागला, ती मोकळी सोडायची, कधीही बांधायची नाही, कोणी कितीही मायेनं बांधून देत असेल तरी. ती पलीकडून हसली असावी. हा हसला नाही. फोन ठेवला आणि बाल्कनीत न जाता आत जाऊन पलंगाखालची बॅग ओढून काढली, आणि तिच्यातल्या चड्ड्या-बनियनींच्या घड्या कपाटात परत लावायला बसला. मी दारात उभी राहून बघत होते. पायावरचा तो डाग गुडघ्यापासून खाली, आता पांढुरका झालाय. घरात तो हाफपँटच घालतो, आता लपवायचं कोणापासून? मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. त्यानं वळून बघितलं आणि "हां, हां" म्हणाला, नांगर लागल्यावर म्हणायचा तसं.

हे पत्र कुठं टाकणार, तुमच्या पत्त्यावर आता दुसरंच कोणी राहतं. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. अण्णा, शेगडी गच्च नव्हती. दोन-चार दिवसच गच्च होती, आणि तेवढ्यातच ह्याचा पाय भाजला. तुम्हाला माहीत असेल तर असू दे, नसेल तर आता माहीत झालं. आणि कापलेल्या पट्टीचा अर्धा तुकडा मी सगळीकडे बरोबर नेला. आता तो इथं जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली घातलाय, कारण फरशी उंचसखल आहे. तुमच्या जावयाला मी सांगितलंय की टेबल आता अजिबात हलत नाही. स्वल्प हलतं.